नऊ नावांची फिर्याद

नोव्हेंबर २०१९. रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात लाकडी बाकावर भाची आईला टेकून बसली होती. उजव्या मनगटाभोवती ओढणी गुंडाळून तो हात तिने मांडीवर जपून ठेवला होता. ठाणे अंमलदारांनी संगणकावर पहिला परिच्छेद टाइप केला आणि मान वर न करता विचारलं, "घरात अजून कोण कोण असतं?"

"नवरा आणि सासू, दोघांनीच..." भाची सांगू लागली.

तिला मध्येच थांबवून मी बोलले. जिल्हा परिषदेत एकतीस वर्षं कारकुनी केलेली बाई मी. अर्ज भरभक्कम कसा करायचा हे हिला कळतं, असा घरातल्या सगळ्यांचा समज होता आणि माझाही होता. सासरे, दीर, दोन नणंदा, थोरल्या नणंदेचा नवरा, चुलतसासरे, चुलतसासू. नवरा आणि सासू धरून नऊ नावं झाली. "पण मावशी, धाकट्या वन्संनी तर पहाटे कडी काढली," भाची हळूच म्हणाली. मी म्हटलं, "त्याच घरातली ना ती? राहू दे." मग फिर्यादीत ते वाक्य आलं, जे अशा फिर्यादींत ठरल्यासारखं असतं: वरील सर्वांनी आपसांत संगनमत करून वेळोवेळी शारीरिक व मानसिक छळ केला, लाथाबुक्क्यांनी मारहाण केली, शिवीगाळ व दमदाटी केली.

'वेळोवेळी' हा शब्द मी सांगितलेला. पुढची पाच वर्षं तो शब्द आमच्या मानगुटीवर बसला. म्हणून हे लिहिते आहे. गोष्ट भाचीची आहे, तेव्हा यापुढे मी शक्य तितकी बाजूला राहते.

भाचीचं लग्न मे २०१६ मध्ये झालं. पहिली दोन वर्षं बरी गेली. मग नवऱ्याने नोकरी सोडून दुकान टाकायचं ठरवलं आणि "तुझ्या वडिलांकडून चार लाख आण" हे पालुपद सुरू झालं. वडिलांनी एकदा पन्नास हजार दिले, रोख दिले, कागद केला नाही. त्यानंतर मागणी थांबली नाही, वाढली. ३ नोव्हेंबरच्या रात्री जेवणाच्या ताटावरून वाद झाला. नवऱ्याने तिचं मनगट पिरगाळलं, सासूने तिला मागच्या गॅलरीत ढकलून आतून कडी घातली. ग्रिलची गॅलरी, एका कोपऱ्यात धुण्याचं मशीन, दुसऱ्या कोपऱ्यात घासायची भांडी. पोत्यावर बसून तिने रात्र काढली. पहाटे धाकट्या नणंदेने दार उघडलं आणि ती नेसत्या कपड्यांनिशी माहेरच्या एसटीत बसली.

एवढीच हकीकत तारीखवार, जशीच्या तशी लिहिली असती तर ती एका पानात मावली असती आणि त्यातल्या एकाही ओळीवर कुणाला बोट ठेवता आलं नसतं.

ज्या कलमाखाली तो गुन्हा दाखल झाला, त्या कलमामागे अनेक मुलींचे जीव गेलेले आहेत, हे विसरून चालणार नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या सुरुवातीला स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या सुनांच्या बातम्या येऊ लागल्या, दिल्लीत आणि इतर शहरांत बायका रस्त्यावर उतरल्या. महाराष्ट्राच्या मनावर कोरलं गेलेलं नाव मंजुश्री सारडा हिचं. फेब्रुवारी १९८२ मध्ये पुण्यात लग्न होऊन आली आणि चार महिन्यांत, जूनमध्ये, विषाने तिचा मृत्यू झाला. विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी 'मी एक मंजुश्री' हे पोस्टर प्रदर्शन उभं केलं. त्या पोस्टरांसमोर बायका आपल्याच घरातलं बोलू लागल्या. सत्र न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने पतीला दोषी धरलं होतं. १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. मंजुश्रीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं न्यायालयापुढे होती, पण परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी पुरी होत नाही, असं न्यायमूर्तींना वाटलं. त्या निकालात सांगितलेल्या पाच कसोट्या आजही खुनाच्या खटल्यांत रोज वापरल्या जातात. लोकांच्या मनातली खात्री आणि न्यायालयाला लागणारा पुरावा यांत केवढं अंतर असतं, हे महाराष्ट्राने तेव्हाच पाहिलं होतं. आपण ते विसरलो.

त्याच काळात, डिसेंबर १९८३ मध्ये, भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आलं. तोवर घरात होणारी मारझोड ही 'घरातली गोष्ट' होती. या कलमाने पहिल्यांदा पती आणि त्याच्या नातेवाइकांची क्रूरता हा स्वतंत्र गुन्हा ठरवला: तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, दखलपात्र, अजामीनपात्र. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हेच कलम ८५ झालं, क्रूरतेची व्याख्या कलम ८६ मध्ये गेली. शब्द जवळपास तेच आहेत. त्या तारखेआधी घडलेल्या घटनांना मात्र जुनंच कलम लागतं, म्हणून भाचीचा खटला आजही '४९८-अ' म्हणूनच चालतो.

व्याख्येचे दोन भाग आहेत आणि इथेच लोकांची गल्लत होते. पहिला भाग असा: बाई आत्महत्येला प्रवृत्त होईल किंवा तिच्या जिवाला, अवयवाला, शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर धोका पोचेल असं जाणूनबुजून केलेलं वर्तन. दुसरा भाग: पैसा किंवा मालमत्ता उकळण्यासाठी तिचा छळ. या दोहोंपैकी एक पुरतं. हुंड्याची मागणी नसेल तरी पहिल्या भागाखाली गुन्हा होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. तरी कितीतरी फिर्यादींत, मारहाण खरी असताना, हुंड्याची रक्कम मागाहून चिकटवलेली दिसते. 'हुंडा लिहिल्याशिवाय केस उभी राहत नाही' असं सांगणारा कुणी ना कुणी भेटतोच. त्याचं ऐकू नये. खऱ्या माराला खोट्या रकमेचा टेकू लागत नाही. उलट ती रक्कम उलटतपासात कोसळते आणि सोबत मारालाही घेऊन पडते.

आता न्यायालयांची बाजू. २००५ मध्ये सुशीलकुमार शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनेला धरूनच आहे असं म्हटलं, पण त्याचा गैरवापर झाला तर तो 'कायदेशीर दहशतवाद' ठरेल असा कडक शब्दही वापरला. २ जुलै २०१४ च्या अर्नेशकुमार निकालाने पोलिसांचे हात बांधले. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात आपोआप अटक करायची नाही, अटकेची गरज लेखी नोंदवायची, नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्यायची. ती नोटीस पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४१-अ कलमाखाली निघे, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) खाली निघते. २०१७ मध्ये राजेश शर्मा प्रकरणात प्रत्येक तक्रार आधी कुटुंब कल्याण समितीकडे पाठवण्याचा आदेश झाला. महिला संघटनांनी विरोध केला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या समित्या काढून टाकल्या. मग जुलै २०२५ मध्ये, एका जोडप्याचा वाद मिटवताना, सर्वोच्च न्यायालयाने अलाहाबाद उच्च न्यायालयाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं उचलून धरली. त्यांत दोन महिन्यांचा थांबण्याचा काळ आणि पुन्हा तशाच समित्या आहेत. हा लंबक दोन्हीकडे झुलताना पाहिला की एक गोष्ट कळते. कलम रद्द करा असं न्यायालय म्हणत नाही. ते म्हणतं, कुणी काय केलं ते नेमकं सांगा.

फेब्रुवारी २०२२ च्या कहकशां कौसर निकालात ते फार स्पष्ट आलं. बिहारमधल्या त्या प्रकरणात सासरच्या नातेवाइकांविरुद्ध सरसकट, मोघम आरोप होते. कुणी, कधी, काय केलं याचा पत्ता नव्हता. न्यायालयाने त्यांच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला. डिसेंबर २०२४ मध्ये तेलंगणाच्या दारा लक्ष्मी नारायण प्रकरणातही तेच झालं. भाचीच्या फिर्यादीतलं 'संगनमत करून वेळोवेळी' हे वाक्य याच सरसकट जातीचं. २०२२ च्या पावसाळ्यात उच्च न्यायालयाने सात जणांविरुद्धचा गुन्हा रद्द केला. आदेशाच्या दहाव्या की अकराव्या परिच्छेदात लिहिलं होतं की, धाकट्या नणंदेची घटनेच्या दहा दिवस आधी शस्त्रक्रियेने प्रसूती झाली होती आणि दवाखान्याचं कार्ड सोबत जोडलं आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे रीत. ती माहेरी आली होती, पोटाला टाके होते, कुशीत दहा दिवसांचं मूल होतं. आणि तिने लाथाबुक्क्यांनी मारलं, असं आम्ही सरकारी कागदावर लिहून दिलं होतं.

खटला नवरा आणि सासूवर चालू राहिला. त्यात भाचीचा उलटतपास झाला तो दिवस विसरणं शक्य नाही. साक्षीच्या पिंजऱ्यात तिने कठड्याला डाव्या हाताने घट्ट धरलं होतं. आरोपीच्या वकिलांनी आवाज जराही न चढवता विचारलं, "टाके असलेल्या बाळंतिणीने तुम्हाला लाथा मारल्या?" ती गप्प. "म्हणजे फिर्यादीतला हा मजकूर खोटा आहे?" बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तो मी सांगितला नव्हता. मावशीने सांगितला." न्यायाधीशांनी लघुलेखिकेला ते वाक्य सांगितलं आणि ते तसंच्या तसं साक्षीत उतरलं. त्यानंतर मनगटाबद्दल तिने जे सांगितलं ते शब्दन् शब्द खरं होतं, पण त्या क्षणानंतर न्यायालयातला कुणीही तिच्याकडे पूर्वीसारखं पाहत नव्हता.

मनगटाचीही एक चूक आहे आणि ती बहुतेक घरांत होते. त्या रात्री पोलिसांनी वैद्यकीय तपासणीची यादी दिली होती. म्हणजे सरकारी दवाखान्याला दिलेलं पत्र. उशीर झाला, पोरगी दमली, सकाळी जाऊ म्हणून सगळे घरी आले. सकाळी पाहुणे आले. चौथ्या दिवशी ओळखीच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी मलम आणि क्रेप बँडेज दिलं, चिठ्ठीवर फक्त 'मुरगळ' लिहिलं, तारीखही त्या दिवसाची. एक्स-रे नाही, सरकारी नोंद नाही. मार बसल्यावर आधी सरकारी रुग्णालय गाठायचं, मग पोलीस ठाणं, असा क्रम झाला तरी बिघडत नाही. रुग्णालयातून पोलिसांना कळवलं जातंच. डॉक्टरांना 'पडले' न सांगता 'नवऱ्याने पिरगाळला' हेच सांगायचं, कारण ते शब्द केसपेपरवर उतरतात आणि पाच वर्षांनी तेच बोलतात.

कोणत्याही बाईने फिर्यादीला जाण्याआधी स्वतःला विचारायला हवं की मला नेमकं काय हवं आहे. डोक्यावर छप्पर, महिन्याचा खर्च, दागिने, मूल, की त्याला शिक्षा? ४९८-अ किंवा आताचं ८५ यातून फक्त शेवटची गोष्ट मिळू शकते. छप्पर आणि खर्च दुसऱ्या कायद्यांतून मिळतात. हे त्या रात्री माहीत नव्हतं, आणि गुन्हा दाखल झाला म्हणजे सगळं होईल या समजुतीत भाचीने चौदा महिने एक रुपया न मिळता काढले.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात बाई दंडाधिकाऱ्यांकडे थेट अर्ज करू शकते, वकील नसला तरी. तालुक्यात महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी असतात, ते घटनेचा अहवाल तयार करून देतात. पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत असा कायद्याचा रोख आहे. प्रत्यक्षात वेळ लागतो, पण अंतरिम आदेश लवकर निघू शकतो. राहत्या घरातून हाकलू नये, मारहाण करू नये, महिन्याला इतकी रक्कम द्यावी, असे आदेश याच अर्जात मागता येतात. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून सुनेचा राहण्याचा हक्क संपत नाही, हे ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंद्र आहुजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. पोटगीचा स्वतंत्र अर्जही आहे, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ खाली. बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जायचं किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करायचा. जीव धोक्यात असेल तर ११२, आणि सल्ला-आसरा हवा असेल तर १८१.

फिर्याद कुठे द्यायची यावरूनही बायकांना हेलपाटे घालायला लावतात. सासरच्या हद्दीत जा, असं सांगतात. एप्रिल २०१९ च्या रूपाली देवी निकालाने हा प्रश्न मिटवला आहे. सासर सोडून बाई जिथे आसऱ्याला आली, त्या गावीही फिर्याद देता येते. आता तर कुठल्याही ठाण्याने झिरो एफआयआर नोंदवून ती संबंधित ठाण्याकडे पाठवायची, असं नव्या संहितेतच लिहिलं आहे. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यायची. सही करण्याआधी पूर्ण वाचायची, चष्मा नसेल तर वाचून दाखवायला सांगायचं. आणि आपल्या तोंडचा नसलेला एकही शब्द त्यात राहू द्यायचा नाही, मग तो सांगणारी सख्खी मावशी का असेना.

नोंद ठेवायची ती आधीपासून. शंभर पानी वही पुरते. वार, तारीख, वेळ, खोली, कोण हजर होतं, नेमके शब्द काय होते, लागलं असेल तर कुठे. 'त्रास दिला' असं लिहायचं नाही. 'भिशीचे पैसे मागितले, दिले नाहीत म्हणून उलथनं फेकून मारलं, ते डाव्या खांद्याला लागलं' असं लिहायचं. वही सासरी ठेवायची नाही. पानाचा फोटो काढून भावाला किंवा मैत्रिणीला पाठवला की ती नोंद त्याच दिवशीची आहे हेही आपोआप ठरतं. पैसे द्यावेच लागले तर रोख नकोत, बँकेतून द्यायचे. भाचीच्या वडिलांचे ते पन्नास हजार आजही कुठल्याच कागदावर नाहीत.

मोबाइलमधले संदेश, आवाज, व्हिडिओ यांचा पुरावा चालतो, पण त्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. हा नियम पक्का झाला तो आपल्या जालन्याच्या एका निवडणूक खटल्यात, अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्या, जुलै २०२० मध्ये. आता साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्या प्रमाणपत्राचा नमुनाच दिला आहे. एक भाग आपण भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. म्हणून संदेशांचे स्क्रीनशॉट काढून फोन विकून टाकणं ही मोठी चूक. मूळ फोन जपून ठेवायचा. पती-पत्नीचं गुपचूप रेकॉर्ड केलेलं बोलणं वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटलं आहे.

आणि यादी. आपल्याकडे लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी बसून यादी करतात. भाचीच्या लग्नाची यादी अजून तिच्या आईच्या पत्र्याच्या पेटीत आहे. फुलस्केपचा घडी पडलेला कागद, चारही कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं, वर 'श्री गजानन प्रसन्न'. खाली एकामागून एक कलमं: पोशाख दोन्हीकडून, भांडी वधूपक्ष, मंडप वधूपक्ष, मुलाला अंगठी व चेन, मुलीला पाच तोळे. शेवटी दोन मामांच्या आणि एका मध्यस्थाच्या सह्या. नवरा-नवरीची सही नाही. १९८५ पासून केंद्राचा नियम आहे की लग्नात मिळालेल्या भेटींची यादी लेखी असावी, वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं त्यात असावं आणि खाली वधू-वरांनी सह्या कराव्यात. आपली रीत आणि हा नियम यांत फक्त दोन सह्यांचं आणि किमतीच्या रकान्याचं अंतर होतं. तेवढं असतं तर दागिन्यांसाठी भाचीला सोनाराच्या पावत्या शोधत फिरावं लागलं नसतं. सासरी अंगावर घातलेले, माहेरून आणलेले, सासूने दिलेले दागिने हे स्त्रीधन. ते सासरच्यांकडे फक्त ठेव म्हणून असतात, अडकवून ठेवले तर तो विश्वासघाताचा गुन्हा, हे १९८५ च्या प्रतिभा राणी निकालापासून ठरलेलं आहे.

एक भीती माहेरच्यांना गप्प बसवते: हुंडा घेणं गुन्हा, देणंही गुन्हा, मग आम्हीच अडकलो तर? १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात देणाऱ्यालाही किमान पाच वर्षांची शिक्षा आहे, हे खरं. पण त्याच कायद्याच्या सातव्या कलमात लिहिलं आहे की, ज्याच्यावर अन्याय झाला त्याने दिलेल्या जबाबावरून त्याच्यावरच या कायद्याखाली खटला भरता येणार नाही. त्या भीतीपायी मुलीला परत नांदायला पाठवू नये. २०२२ या एका वर्षात देशात सहा हजारांहून जास्त हुंडाबळी नोंदले गेले. महिलांविरुद्धच्या ४ लाख ४५ हजार गुन्ह्यांतले ३१.४ टक्के पती आणि सासरच्यांच्या क्रूरतेचे होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तर १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी २९.३ टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. ठाण्यापर्यंत न पोचलेल्या बायका किती आहेत ते या आकड्यांवरून दिसतं. मे २०२५ मध्ये वैष्णवी हगवणे हिच्या मृत्यूने महाराष्ट्र हादरला तेव्हा घराघरांत एकच प्रश्न होता, आधीच का नाही बोलली? बोलायला लेकीला माहेरचं दार उघडं लागतं.

ज्यांची नावं विनाकारण गोवली गेली आहेत, त्यांच्यासाठीही दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण तशा सात माणसांना मी जवळून ओळखते. पोलिसांची हजर राहण्याची नोटीस आली तर घाबरून पळू नये. हजर राहणाऱ्याला सहसा अटक करता येत नाही, गैरहजर राहणाऱ्याला येते. अटकेची भीती असेल तर अटकपूर्व जामिनाचा अर्ज करावा. सुनेचे दागिने घरात असतील तर ते पंचांसमक्ष, पावती घेऊन ताबडतोब परत द्यावेत. ती एक कृती दहा शपथपत्रांपेक्षा जास्त सांगते. आपण त्या दिवशी कुठे होतो याचे कागद जमवावेत: हजेरीपट, दवाखान्याचं कार्ड, प्रवासाचं तिकीट. तिच्या चारित्र्यावर चिखल उडवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नये. त्याने आरोप खोटा ठरत नाही, नवा छळ मात्र सिद्ध होतो. गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जाता येतं. दोन्ही बाजूंची तडजोड झाली तरी हा गुन्हा खालच्या न्यायालयात आपसांत मिटत नाही, त्यासाठीही उच्च न्यायालयच गाठावं लागतं. आणि जे घरात होते, ज्यांनी पाहिलं, त्यांनी गप्प बसू नये. घरातल्या एकाने त्या रात्री मध्ये पडून हात धरला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

धाकट्या नणंदेकडे मी गेले ती गेल्या मार्गशीर्षात. ती आता सासरी, दुसऱ्या जिल्ह्यात असते. फोन केला होता, तरी दार उघडेल याची खात्री नव्हती. तिने उघडलं. पाणी दिलं. मुलगा पाच वर्षांचा झालेला, पाटीवर चित्र काढत बसला होता. मी म्हटलं, बाई, तुझं नाव मी घातलं, भाचीने नाही. ती बराच वेळ मुलाकडे बघत होती.

"नोटीस आली तेव्हा हा एकवीस दिवसांचा होता," ती म्हणाली. "बारशाच्या दिवशी पोलीस आले होते. सासरी अजून त्यावरून बोलतात."

मग तिने कप उचलले, आत गेली, परत येऊन उंबऱ्यात उभी राहिली.

"वहिनी गॅलरीत रडत होती ते मी आतून ऐकत होते. आईने कडी घातली, दादाने हात पिरगाळला, दोन्ही माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. माझं नाव नसतं ना मावशी, तर मी साक्षीला आले असते."